चौथा बोळा

आमच्या घरी ट्रकला जावई म्हणत. नाव मायनं ठेवलं होतं. घरात चार पैसे आले की पहिला मान त्याचा, त्याला उलटून बोलायची सोय नाही, आणि तो रुसून बसला की बाबूजी दिवसभर त्याच्या पायाशी, असं तिचं म्हणणं. आमगावच्या बाहेर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमचं घर होतं. मागे धानाच्या बांध्या आणि पुढे अंगण, आणि त्या अंगणाची अर्धी जागा अडवून जावई उभा. पुढे लांब नाक असलेला तो जुना ट्रक होता, तसे आता रस्त्यावर दिसत नाहीत. सकाळी बाबूजी इंजिन चालू करायचे तेव्हा मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या, चुलीवर अरुईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या उकडत असायच्या, आणि माय झाकणावर हात ठेवून म्हणायची, "जागा झाला बाई, चहा द्या त्याले." त्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून बाबूजींनी मला मुलगा करायचा प्रयत्न केला असं लोक म्हणायचे, पण ते खरं नाही. मला इंजिनाची आवड होती, एवढंच. नाक उघडून बाबूजी आत वाकले की मीही वाकायची. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मला फिल्टर बदलता येत होता, टॅपेटचा आवाज ओळखता येत होता, आणि बाबूजी चहाच्या टपरीवर कोणालाही सांगत, "माही शांता अर्धी मिस्त्री हाये." ते ऐकून मी वर आणखी फुगायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या फुगण्यातूनच झालं.

हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला आला होता तेव्हा इंजिन गेलं. भर दुपारी बाबूजी गोंदियाहून दुसऱ्याच्या गाडीनं टोचन करून ट्रक घरी घेऊन आले, हातपाय धुतले आणि जेवायलाही बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रज्जाकचाचा आले. ते गोंदियाचे मिस्त्री, आमच्या ट्रकला माझ्या जन्माआधीपासून ओळखणारे. त्यांनी इंजिनाच्या अंगावर बोट फिरवलं, भेग नखानं दाखवली आणि म्हणाले, "ब्लॉक फट गया, भाऊ. इसमें अब हात मत डालो. दूसरा इंजन देखो." दिवाळीनंतर धानाची खरेदी सुरू होई, आणि खेड्यांतून धान राइस मिलवर नेण्याचं काम आमच्या ट्रकला ठरलेलं असे. त्या चार महिन्यांच्या फेऱ्यांवर आमचं वर्ष निघायचं. मिलचे सेठ भले होते, पण मिल भल्यावर चालत नाही. त्यांनी बाबूजींना स्पष्ट सांगितलं, "दिवाली के बाद आठ दिन रुकूँगा. फिर दूसरी गाडी लगानी पडेगी." म्हणजे आमच्या हातात महिनाही नव्हता.

ते दिवस आम्ही इंजिन शोधण्यात घालवले. आता माझा नातू मोबाइलवर बोट फिरवून बसल्या जागी देशभरातली इंजिनं मला दाखवतो, फोटोसकट. तेव्हा इंजिन शोधायचं म्हणजे बसनं जायचं आणि हातानं चाचपून पाहायचं. नवीन इंजिनाची किंमत ऐकून आम्ही दुकानाच्या पायऱ्याच उतरलो; तेवढ्यात आमच्यासारखे दोन ट्रक आले असते. मग नागपूरचे कबाडी झाले, रायपूरचे झाले. तिथे इंजिनं ओळीनं मांडलेली असत, काळी, तेलकट, कोणाच्या ना कोणाच्या घरातली सकाळ बंद करून आलेली. बाबूजींची एक पद्धत होती. चालू करून दाखवा म्हणण्याआधी ते इंजिनावर तळहात ठेवायचे. कोमट लागलं की माझा दंड धरून चालायला लागायचे. आपण यायच्या आधीच गरम करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते उठत नाही. जे थंड निघायचं त्याचा नंबर घासलेला असायचा. "चोरीचा माल माह्या नाकात नको," बाबूजी म्हणायचे. जे थंडही होतं आणि नंबरही शाबूत होता, त्याच्या भेगेत लांबी भरून वर रंग मारला होता. ती मी शोधून काढली, नखानं खरवडून. कबाडीवाला माझ्याकडे पाहून हसला आणि बाबूजींची छाती दोन इंच फुगली. पण परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. भंडारा मागे पडलं, साकोली मागे पडलं, तरी तोंड खिडकीकडेच. घरी माय भाताबरोबर लाखोरीच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी वाढायची आणि काही विचारायची नाही. अंगणातून आवाज बंद झाला तसा घरातलाही झाला.

देवरीचं इंजिन रज्जाकचाचांनी सुचवलं. देवरीच्या पुढे, छत्तीसगडकडे जाणाऱ्या घाटात देवाजी नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक उलटला होता. ट्रक त्याचा स्वतःचा होता आणि आमच्यासारखाच नाकवाला होता. देवाजी गेला, मागचा भाग चेपला, पण नाक वाचलं आणि नाकातलं इंजिन वाचलं. बाबूजी त्याला रस्त्यावरचा ओळखत होते. समोरून आला की दोघं हात वर करायचे, एवढीच ओळख. त्याची बायको फुलवंताबाई हायवेच्या कडेला राहायची, आणि तो अर्धा ट्रक तिच्या दारात उभा होता. आम्ही गेलो तेव्हा ती शिंगाडे उकडत होती. काळीसावळी, ठेंगणी, माझ्या मायपेक्षा वयानं कमी, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली. बाबूजींना पाहून म्हणाली, "तुमी आमगावचे नाकवाले ना? हे सांगत होते तुमचा." मग ती आम्हाला ट्रककडे घेऊन गेली.

बाबूजींनी तळहात ठेवला. इंजिन गार होतं. बॅटरी आम्ही बरोबर नेली होती. पहिल्या झटक्याला ते उठलं आणि असं एकसारखं चालू लागलं की बाबूजींनी डोळे मिटले. मी टॅपेटचा आवाज ऐकला, धूर पाहिला, तेलाच्या तोंडावर हात धरला. कुठे काही नव्हतं. नंबर शाबूत होता, कागद फुलवंताबाईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. तिनं सांगितलेला आकडा आमच्या आवाक्यातला होता, नागपूरच्या निम्म्याहून कमी. त्या पैशात तिला दारापुढे चहा-भज्यांची टपरी टाकायची होती. "हे म्हणायचे, गाडी जाईन पण इंजिन नाई जाणार," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं तेल बदलायचे. माह्यावर भरोसा नोता इतका त्याच्यावर होता." आणि पदर तोंडाला लावून हसली. आमच्याकडच्या ट्रकवाल्यांत तेव्हा एक रीत होती. जुनं इंजिन विकणारा पहिल्या फेरीची जबान द्यायचा. माल भरून पहिली फेरी नीट झाली की व्यवहार संपला. त्या फेरीत इंजिन बसलं तर पैसे परत, वाद नाही. नारळ फोडून ही जबान देत. फुलवंताबाईनं नारळ फोडला आणि म्हणाली, "देवाजीच्या नावानं जबान देतो."

इंजिन उतरवून घेण्यात दुपार झाली. तिनं भात आणि वरण जेवायला घातलं. नेण्यासाठी आमगावकडे तणस घेऊन जाणारी एक ट्रॉली मिळाली. तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा; त्यात इंजिन बसवलं की धक्के लागणार नाहीत. पण तणसाचा भुसा आत जायला नको म्हणून इंजिनाची उघडी तोंडं बुजवायला हवी होती, आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकण उतरवताना फुटलं होतं. "बोळे मी करतो," मी म्हटलं. बाबूजी दोर बांधत होते, त्यांनी मान डोलावली. फुलवंताबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. मी तणसाची मूठ घ्यायची, भोवती कापड गुंडाळायची आणि तोंडात ठोकायची. असे तीन बोळे झाले आणि कापड संपत आलं. उरला तो हिरवा काठ. चौथा बोळा तेलाच्या तोंडाचा होता. आणखी कापड मागायला मला कसंतरी वाटलं, बाईचं लुगडं किती फाडायचं. म्हणून मी तो लहान केला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. फुलवंताबाई बाजूला उभी राहून पाहत होती. "पक्का बसला का वं?" तिनं विचारलं. मी तिच्याकडे न पाहताच हो म्हटलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही अंगणात होतो. बाबूजी आणि शेजारची माणसं तणस बाजूला करत होती, आणि मी बोळे काढायला लागले. एक, दोन, तीन. तेलाचं तोंड उघडं होतं. मी तणस चाळलं, ट्रॉलीच्या फळ्यांमधून पाहिलं, फाटकापर्यंत रस्त्यानं जाऊन आले. मग स्वतःला सांगितलं की लहानसा बोळा होता, उडाला असेल. आत गेला असेल हेही मला तेव्हाच सुचलं होतं. न सुचल्याचं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला पटवत होते, पण आता वय झालं, आता त्यात काही हशील नाही. ते तोंड थेट इंजिनाच्या पोटात उघडत होतं. आतला बोळा काढायचा म्हणजे खालचं तेलाचं भांडं खोलायचं, एका दिवसाचं काम. नुसतं तोंड उघडून 'एक बोळा सापडत नाही' म्हणायचं होतं. पण अंगणात दहा माणसं जमली होती, आणि बाबूजी त्यांना सांगत होते की नागपूरला कबाडीवाल्याची लबाडी पोरीनं नखानं उघडी पाडली. रज्जाकचाचांनी येऊन इंजिनाला हात लावला आणि मला विचारलं, "सब बोळे निकाले ना बेटी?"

"हो चाचा," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ट्रक उठला. मांडणीवरच्या ताटल्या पुन्हा थरथरल्या, आणि माय चुलीपाशी बसल्या बसल्या रडायला लागली. सेठला निरोप गेला. पहिली फेरी सालेकसाच्या बाजूची होती. मला बरोबर जायचं होतं, पण गेले नाही. पोट दुखतं म्हणाले. दुपारी बाबूजी कोणाच्या तरी सायकलवर मागे बसून आले. भरलेला ट्रक रस्त्यात उभा होता. "आवाज आला," ते मायला म्हणाले, "आणि मंग काहीच नाही आला." धान दुसऱ्या गाडीत भरून सेठनं नेला, आणि ती दुसरी गाडी मग सेठनं कायमचीच लावली.

चाचांनी अंगणात इंजिन खोललं. पिस्टनची सळई तुटून ब्लॉकच्या बाहेर आली होती, दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. "तेल ऊपर चढा ही नहीं," ते म्हणाले. "बेरिंग खा गया. पुराना पंप, और क्या." आणि तेलाच्या भांड्यातली जाळी काढून माझ्या हातात दिली, "धो दे बेटी, काम आएगी." मी ती रॉकेलच्या घमेल्यात बुडवली. तेल जिच्यातून वर चढतं त्या जाळीवर काळा लगदा बसला होता. तो बोटानं काढला तेव्हा त्यात तणसाच्या काड्या होत्या, आणि हिरवा धागा होता. चाचा माझ्यापासून चार हातांवर पाठ करून बसले होते. बाबूजी पायरीवर होते. मी तो लगदा मुठीत दाबला आणि बोरीच्या झाडामागे जाऊन मातीत पुरला. मग जाळी स्वच्छ धुऊन आणून दिली. जाळी कशालाही कामी आली नाही.

बाबूजींना कारण हवं होतं. स्वतः तळहात ठेवून घेतलेलं, कानानं ऐकलेलं इंजिन एका फेरीत कसं जाईल? दोन दिवस ते विचार करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कारण सापडलं. "बाईनं जाड तेल ओतून ठेवला होता. त्याच्यानं आवाज दबला. देवाजीच्या नावानं खोटी जबान देल्ली तिनं." हे ते टपरीवर बोलले. ड्रायव्हरांच्या तोंडी पडलेली गोष्ट बसच्या आधी पोचते. बाबूजी देवरीला भांडायला जायचं म्हणत होते, पण त्यांना जावं लागलं नाही. आठवड्याच्या आत फुलवंताबाईच आली, बसनं, एकटी.

ती अंगणात उभी राहिली. मायनं चटई टाकली, पाणी दिलं. पाणी ती प्यायली, चहाला नको म्हणाली. पदराच्या गाठीतून पैसे काढून तिनं बाबूजींसमोर ठेवले. टपरीसाठी घेतलेले पत्रे आणि लाकडं तिनं परत विकली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. बाबूजी तिच्याकडे पाहत नव्हते. "मी तेल नाई बदलला, भाऊ," ती म्हणाली. "ह्यायनं शेवटचा बदलला तोच होता. पण जबान देल्ली ते देल्ली." बाबूजी म्हणाले, "मंग कसा गेला एका फेरीत?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"बाई, तुनं सगळे बोळे काढले होते ना?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. मी सांगेन ते ती मानणार होती. तिच्या पायाशी पैसे होते, बाबूजी माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी एवढीशीही शंका नव्हती. तेच मला सहन झालं नाही. शंका असती तर कदाचित मी बोलले असते.

"हो मावशी," मी म्हणाले. "चारही."

"मंग ह्यायच्याच मालात खोट असन," ती म्हणाली, पदर सावरला आणि फाटकाकडे चालायला लागली. मायनं मला तिच्यामागे धाडलं, बसपर्यंत सोडायला. मी फाटकापर्यंत गेले आणि वळून आले.

त्या पैशात दुसरं इंजिन मिळालं नाही. मिळालं असतं तरी मोसम गेला होता. ट्रक अंगणात उभा राहिला. नाकावर वेल चढला, कोंबड्या आत अंडी घालू लागल्या, आणि एका उन्हाळ्यात कबाडीवाले गॅसकटर घेऊन आले व दोन दिवसांत तो तुकडे करून घेऊन गेले. बाबूजी दुसऱ्यांच्या गाड्या चालवू लागले. मालक ओरडला तरी ऐकून घेत. टपरीवर ते पुन्हा कधी माझी बढाई मारताना दिसले नाहीत. त्यांना माझ्याबद्दल काही कळलं होतं असं नाही. बढाई मारायला त्यांच्यापाशी ट्रकच उरला नव्हता. मीही पुन्हा कुठल्या इंजिनात वाकले नाही. लग्न झालं, गोंदियात राहिले, शाळेत शिकवलं, मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. बाबूजी गेले ते फुलवंताबाईला लबाड समजूनच गेले. शेवटच्या आजारपणात मी तीनदा सांगायला बसले आणि तीनदा त्यांना पेज भरवून उठले.

बाबूजींच्या नंतर, पुष्कळ नंतर, मी देवरीला गेले. हायवे एवढा रुंद झालाय की जुनी जागा सापडेना. विचारत विचारत घर सापडलं. फुलवंताबाई ओसरीत बसली होती, खूप म्हातारी, कमरेत वाकलेली, समोर टोपलीत शिंगाडे. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. नाकवाले म्हटल्यावर तिला आठवलं. मग मी सगळं सांगितलं, काही न लपवता. कापड कमी पडलं ते, तीन बोळे निघाले ते, हिरवा धागा, बोरीचं झाड. ती शिंगाडे सोलत ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिनं आणखी एक शिंगाडा सोलायला घेतला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

"नाई बाई," ती म्हणाली. "इंजिनच खराब होता. तुह्या बाबूजीनं पाह्यला होता ना खोलून. तो कायले खोटा बोलन?"

"मावशी, माझ्यामुळं गेलं ते. तुमच्या मालकांचं इंजिन चांगलं होतं."

"ते तं असाच सांगत होते. इंजिन चांगला, गाडी चांगली, घाटात सांभाळून चालवतो, एक थेंब पेत नाई." तिनं सोललेला शिंगाडा टोपलीत टाकला. "ज्या इंजिनाची एवढी तारीफ, तोच खोटा निंगाला. मंग बाकीचा काय खरा असन? मी तवापासून त्यायचा फोटूच नाई लावला."

भिंतीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. मी पुन्हा सांगायला लागले, जाळी कुठे असते, तेल कसं वर चढतं, लगदा बसला की बेरिंग कसं सुकतं. ओसरीच्या मातीवर बोटानं काढून दाखवलं. तिनं माझा हात धरून थांबवला आणि त्यात चार शिंगाडे ठेवले.

"खा," ती म्हणाली. "तू लहान होती तवा. तुले काय समजते इंजिनातला."